वेग, ताप आणि टिकाव : इंजिनाच्या टेस्ट बेडपासून घरच्या संगणकापर्यंत

प्रोसेसरची परीक्षा तीन प्रश्नांची असते. तो किती वेगाने चालतो, चालताना किती तापतो आणि तासन्‌तास भार पडला तरी न अडता, न चुकता चालत राहतो का. घरच्या संगणकाच्या इतिहासात हे प्रश्न एकामागून एक पुढे आले. आधी जाहिरातीतला वेग आला, मग पंख्याच्या आवाजाबरोबर ताप आला आणि टिकावाचा विचार सर्वांत शेवटी झाला. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मात्र हे तिन्ही प्रश्न संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून एकत्रच विचारले जात होते. ते इंजिनांना, बेअरिंगांना आणि मशीन टूल्सना विचारले जात. घरच्या टेबलावरच्या संगणकाची परीक्षा कशी घडत गेली हे समजून घ्यायचे, तर त्या जुन्या परीक्षेपासून सुरुवात करावी लागते.

टेस्ट बेडची शिस्त

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. पुण्याबाहेरच्या या माळरानावरचा तो पहिला मोठा सार्वजनिक कारखाना. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले आणि पुणे-मुंबई रस्त्याच्या दोन्ही अंगांना, तसेच भोसरीच्या बाजूला औद्योगिक भूखंड पडू लागले. आकुर्डीत बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो, चिंचवडला बेअरिंग बनवणारी एसकेएफ, पिंपरीत टेल्को असा वाहन आणि यंत्रउद्योगाचा पसारा पुढच्या दोन दशकांत उभा राहिला. पिंपरीच्या कारखान्यातून टेल्कोचे पहिले व्यावसायिक वाहन १९७७ साली बाहेर पडले. वस्तीही वाढत गेली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी हजारो लहान वर्कशॉप या काळात भोसरी, चिंचवड, थेरगाव भागात वाढली.

इंजिन बनवणाऱ्या कारखान्यात टेस्ट बेड असतो. इंजिन लोखंडी पायावर घट्ट बसवतात आणि त्याचा शाफ्ट डायनामोमीटरला जोडतात. डायनामोमीटर इंजिनावर हवा तेवढा भार टाकतो. टॅकोमीटरवर फेरे दिसतात. थंड करणाऱ्या पाण्याचे, वंगणतेलाचे आणि धुराचे तापमान थर्मोकपल सांगतात. ठरावीक वेळाने हे सगळे आकडे एकाच तक्त्यावर शेजारी शेजारी लिहितात, आणि या परीक्षेचे सारे मर्म त्या शेजारी लिहिण्यात आहे. भाराविना घेतलेल्या फेऱ्यांना अर्थ नसतो. तापमान न लिहिता नोंदवलेली ताकद अर्धवट ठरते. पहिल्या दहा मिनिटांचे आकडे कितीही चांगले असले, तरी त्यांवरून दहाव्या तासाविषयी काही कळत नाही.

टिकावाच्या परीक्षेचे मोजमापही ठरलेले होते. अंतर्ज्वलन इंजिनांच्या चाचण्यांसाठी असलेल्या आयएस १०००० या भारतीय मानकाच्या नवव्या भागात सहनशक्तीची चाचणी आहे. सोळा तासांचे एक चक्र, अशी बत्तीस चक्रे, म्हणजे एकूण ५१२ तास. त्यानंतर इंजिन खोलून पिस्टन, रिंगा, लायनर किती झिजले ते मोजतात. बेअरिंगच्या धंद्यात हाच विचार वेगळ्या भाषेत मांडलेला असतो. तिथले ‘एल-१०’ आयुष्य म्हणजे एका जातीच्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद ज्या फेऱ्यांपर्यंत टिकतात तो आकडा. एखादे बेअरिंग किती चालले यापेक्षा सगळा गट किती भरवशाचा आहे, हे तो सांगतो. अशा चाचण्या घेणारी भारतीय वाहनउद्योगाची सामाईक संशोधनसंस्था, म्हणजे एआरएआय, १९६६ साली पुण्यात स्थापन झाली. पुढे तिचे एक केंद्र चाकणलाही उभे राहिले.

संगणक शॉपफ्लोअरवर येतो

सुरुवातीचे संगणक कारखान्यांच्या कचेऱ्यांत आले ते पगारपत्रके आणि स्टॉकच्या हिशेबांसाठी. त्यांना वातानुकूलित खोली मिळे. बाहेर चपला-बूट काढूनच आत जायचे, असा दंडक असे. १९८४ साली केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले, आयात आणि परवान्यांची पकड सैल केली आणि आयबीएम पीसीच्या धर्तीवरचे, देशात जोडलेले संगणक बाजारात येऊ लागले.

टूलरूमने संगणक जवळ केला तो दोन कामांसाठी. पहिले काम ड्रॉइंगचे. ऑटोकॅड चालवायला ८०३८६ प्रोसेसरच्या जोडीला ८०३८७ हा गणिती सहप्रोसेसर लागत असे. तो महाग असे आणि बहुतेक घरगुती संगणकांत त्याची खोबण रिकामीच राही. दुसरे काम सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पुरवण्याचे. साचा किंवा डाय खोदण्याचा प्रोग्रॅम लाखो ओळींचा होऊ शकतो आणि जुन्या कंट्रोलरची स्मृती त्या मानाने अगदीच तोकडी होती. म्हणून संगणकाच्या सीरियल पोर्टमधून केबल टाकून प्रोग्रॅम थोडा थोडा, थेंबाथेंबाने मशीनला पाजत. याला ड्रिप फीड म्हणतात. कटर पोलादात फिरत असताना संगणक मध्येच हँग झाला की पुढच्या ओळी येत नाहीत, कटर जागच्या जागी थांबतो आणि जॉबवर त्याचा डाग उमटतो. फिनिशिंगच्या शेवटच्या पासमध्ये असे घडले, तर अनेक तासांचे काम फुकट जाऊ शकते. हा संगणक बहुधा स्वस्तातला, बाहेरून जोडून घेतलेला असे. त्याने पानभर हिशेब दोन सेकंद उशिरा केला तर कोणाचे काही अडत नव्हते. तो रात्रभर थांबू नये, एवढीच मागणी होती. घरच्या संगणकात सर्वांत शेवटी विचारला गेलेला प्रश्न वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवसापासून उभा होता.

वेग : दिव्यातला आकडा आणि मोजलेला आकडा

१९८१ सालच्या मूळ आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झने चालत असे. हा विचित्र आकडा आला अमेरिकी रंगीत टीव्हीच्या क्रिस्टलमधून. १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचा तो क्रिस्टल बाजारात स्वस्त मिळे. त्याला तीनने भागले की प्रोसेसरचा ठोका मिळे आणि बाराने भागले की घड्याळाच्या टायमरचा, १.१९३१८२ मेगाहर्ट्‌झचा. पुढे आलेल्या नकलांनी वेग आठ, दहा, बारा मेगाहर्ट्‌झपर्यंत नेला. पण ४.७७ हेच गृहीत धरून लिहिलेले काही प्रोग्रॅम, विशेषतः खेळ, या वेगात सुसाट सुटत. म्हणून कॅबिनेटच्या दर्शनी भागावर टर्बो बटण आले. ते दाबले की संगणक पूर्ण वेगाने चाले, सोडले की मंदावे.

या बटणाशेजारी अनेक कॅबिनेटांवर दोन आकड्यांचा लाल किंवा हिरवा दिवा असे. त्यावर ३३ आणि ६६ असे आकडे झळकत. गिऱ्हाईक हा आकडा वेगाचा समजे, पण दिवा काहीच मोजत नव्हता. त्याच्या मागच्या छोट्या सर्किटवर जंपरच्या रांगा असत. जोडणारा माणूस बटणाच्या दोन्ही स्थितींसाठी हवे ते आकडे जंपर लावून ठरवी. त्याने ९९ लावले असते तर संगणक ९९ दाखवत बसला असता. टॅकोमीटरच्या जागी डायलवर काटा रंगवून ठेवावा, तसा हा प्रकार.

खरा वेग शोधण्याचे पहिले साधन होते तुलना. नॉर्टन युटिलिटीजमधला ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ हा भाग मूळ आयबीएम एक्सटीचा वेग १ धरून समोरचा संगणक त्याच्या किती पट आहे ते सांगे. ‘लँडमार्क’ नावाची चाचणी संगणकाचा वेग एटी या संगणकाच्या मेगाहर्ट्‌झमध्ये मांडे. दोन्हींतून मिळे तो प्रोसेसर आणि स्मृती यांच्या एकत्र कामाचा अंदाज. प्रोसेसरचा ठोका थेट मोजता आला तो १९९३ साली पेंटियम आल्यावर. त्यात एक मोजणीपात्र होते. प्रत्येक ठोक्याला त्यातला आकडा एकाने वाढे आणि एका सूचनेने तो वाचता येई. मोजण्याची रीत सोपी होती. टायमरच्या ठोक्यांवरून ठरावीक काळ मोजायचा आणि त्या काळाच्या आरंभी व शेवटी मोजणीपात्र वाचायचे. मधला फरक भागिले काळ म्हणजे वेग.

हे साधन वेळेवर आले, कारण नव्वदच्या दशकात लेबलवरच्या आकड्यावर विसंबणे अवघड झाले होते. सायरिक्सचा ६एक्स८६ ‘पी-१६६ प्लस’ नावाने विकला जाई, पण त्याचा ठोका १३३ मेगाहर्ट्‌झचा असे. आपला प्रोसेसर १६६ मेगाहर्ट्‌झच्या पेंटियमइतके काम करतो, असा कंपनीचा दावा होता. पुढे एएमडीच्या अ‍ॅथलॉन एक्सपी ‘१८०० प्लस’चा ठोका १५३३ मेगाहर्ट्‌झ होता. याखेरीज जगभर एक सरळ लबाडीही चाले. कमी वेगाच्या प्रोसेसरवरची छपाई घासून त्यावर जास्त वेगाचा आकडा छापत आणि जंपरने तो वेग लादून विकत. प्रोसेसर चालतही असे, पण तापत असे आणि उन्हाळ्यात अडत असे. ठोका ठरवणारा गुणक आतूनच कुलूपबंद करण्याची पद्धत इंटेलने आणली, त्यामागे ही लबाडी हे एक कारण होते.

ताप : पंख्यापासून आतल्या मोजपट्टीपर्यंत

८०८८ आणि ८०३८६ यांच्यावर साधारणतः ना पंखा असे, ना पत्र्याची पंखडी. ४८६ डीएक्स-२ च्या काळात, ६६ मेगाहर्ट्‌झला, प्रोसेसरवर हीटसिंक आणि त्यावर छोटा पंखा बसणे रुळले. १९९३ चा ६६ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम कमाल सोळा वॅटच्या आसपास उष्णता टाकी. २००१ चा १.४ गिगाहर्ट्‌झचा अ‍ॅथलॉन ७२ वॅटचा होता आणि २००४ नंतरचे काही पेंटियम-४ ११५ वॅटपर्यंत गेले. हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यात जुन्या शंभरच्या बल्बाहून जास्त उष्णता, असा हा प्रवास.

ताप मोजणेही टप्प्याटप्प्याने आले. नव्वदच्या दशकाच्या मध्याला नॅशनल सेमीकंडक्टरच्या एलएम-७५ आणि एलएम-७८ यांसारख्या चिप मदरबोर्डवर बसू लागल्या. बायॉसच्या पडद्यावर प्रोसेसरचे तापमान, पंख्याचे फेरे आणि व्होल्टेज दिसू लागले. इंजिनाच्या तक्त्यावरचे रकाने पहिल्यांदाच घरच्या पडद्यावर उमटले. पण सुरुवातीला तापमान मोजणारा थर्मिस्टर सॉकेटच्या खालच्या पोकळीत असे. तो प्रोसेसरच्या पाठीचा ताप सांगे, पोटातला नव्हे. त्यामुळे एकाच प्रोसेसरचे तापमान दोन मदरबोर्डांवर वेगवेगळे दिसे. पुढे प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच ताप मोजणारा डायोड आला.

आतल्या मोजमापाची किंमत २००१ साली जगाला दिसली. एका जर्मन संगणक-समीक्षकाच्या चित्रफितीत खेळ चालू असताना प्रोसेसरांवरचे हीटसिंक उचलून घेतले होते. पेंटियम-४ ने वेग कमी करून काम चालू ठेवले, पेंटियम-३ थिजला आणि अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळून गेला. अ‍ॅथलॉनच्या नव्या पिढीत डायोड होताही. पण मदरबोर्ड त्याच्याकडे पाहून वेळेवर वीज तोडत नव्हते. मोजणे आणि मोजमापावर कृती करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या फितीने दिला.

२००६ पासून इंटेलच्या कोअर पिढीत डिजिटल सेन्सर आला आणि वाचनाची रीत उलटी झाली. हा सेन्सर तापमान सांगत नाही. प्रोसेसरच्या कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, ते सांगतो. मर्यादा १०० अंश असेल आणि सेन्सर ३८ हा आकडा देत असेल, तर प्रोग्रॅम वजाबाकी करून ६२ दाखवतो. त्यामुळे मर्यादा चुकीची धरली तर दाखवलेला आकडाही तेवढाच चुकतो. ‘कोअर टेंप’सारखे प्रोग्रॅम याच वजाबाकीवर चालतात. हा सेन्सर मर्यादेजवळ विश्वासू असतो आणि थंड असताना ढिला पडतो. संगणक नुसता चालू असताना दिसणाऱ्या आकड्यापेक्षा भार असताना दिसणारा आकडा महत्त्वाचा मानतात, त्याचे हे एक कारण.

याच काळात संगणक तापण्याचे एक अगदी घरगुती कारण वाढले. २००४ सालच्या नव्या इंटेल सॉकेटवरचा कंपनीचा पंखा चार प्लॅस्टिक खुंट्यांवर बसे. प्रत्येक खुंटी दाबली की खट्‌ आवाज यायला हवा. एखादी अर्धवट राहिली तर हीटसिंक एका कोपऱ्यात केसभर उचललेला राही, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या पेस्टचा थर सारखा बसत नसे आणि तापमान वीस-तीस अंशांनी चढे. वरून पाहता काही दिसत नसे. आकडा पाहिल्याशिवाय हा दोष हाती लागत नसे.

हवा, धूळ आणि वीज

औद्योगिक पट्ट्यातल्या घरात संगणकाची परीक्षा भोवतालापासून वेगळी काढता येत नाही. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३८ ते ४० अंशांना टेकतो, तर डिसेंबरच्या पहाटे १० ते १२ पर्यंत उतरतो. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोहोंतला फरक कमी ठेवतो. म्हणून डिसेंबरात ६० अंशांवर चालणारा संगणक तोच भार घेऊन मे महिन्यात पंख्याखालीही ८० च्या घरात जाऊ शकतो. टेस्ट बेडवर इंजिनाची ताकद ठरावीक हवामान धरून दुरुस्त करून लिहितात. घरच्या परीक्षेत त्याची सोपी नक्कल म्हणजे खोलीचे तापमानही टिपून ठेवणे आणि फरकाची तुलना करणे.

धूळ हा दुसरा भाग. फाउंड्री, ग्राइंडिंग आणि बफिंग चालते तिथल्या हवेत धातूची बारीक पूड असते. हीटसिंकच्या पंखड्यांमध्ये कापसासारख्या धुळीचा गोधडा बसला की हवा आत शिरत नाही. पुडीत लोखंडाचा अंश असेल तर ती विजेची वाहकही असते. तळमजल्यावर वर्कशॉप आणि वर घर अशा इमारतींत कॅबिनेट उघडून ब्लोअर मारणे हे परीक्षेच्या आधीचे पाऊल ठरते.

तिसरा भाग विजेचा. शेजारी मोठी मोटर सुरू झाली किंवा वेल्डिंगची ठिणगी पडली की त्याच लाइनवरचे व्होल्टेज क्षणभर पडते. संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा हलका असेल तर तो धक्का प्रोसेसरपर्यंत पोहोचतो आणि संगणक आपोआप रीस्टार्ट होतो. दोष प्रोसेसरचा वाटतो, पण असतो विजेचा. विजेच्या टंचाईने या पट्ट्याची दिनचर्याच घडवली. कारखान्यांचा भार आठवड्याच्या वेगवेगळ्या वारांवर विभागण्याच्या योजनेत पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी पडली, ती आजही गुरुवारीच असते. २००५ नंतर महाराष्ट्रात लोडशेडिंग तीव्र झाले. वीज गेली की विंडोज-९८ चा संगणक पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर डिस्क तपासू लागे, आणि संगणक विजेने बंद पडला की स्वतःच्या दोषाने, हे सांगणे कठीण होई. छोट्या यूपीएसचा आधार काही मिनिटांचाच असे, त्यामुळे बारा तासांची सलग परीक्षा घरी पार पडणे अवघड होते. २००६ मध्ये उद्योगांनी आपल्या जनित्रांची वीज वापरून ग्रिडवरचा भार हलका करायचा आणि त्या बदल्यात शहरी भागाने लोडशेडिंगमुक्त राहायचे, असा प्रयोग पुण्यात झाला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून तो ओळखला गेला.

टिकाव : भागाकार, मूळ संख्या आणि रात्रभराची चाचणी

प्रोसेसर न थांबताही चुकू शकतो, हे सर्वसामान्य लोकांना १९९४ साली कळले. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना पेंटियमच्या भागाकारात चूक आढळली. ही चूक घरच्या संगणकावर, साध्या स्प्रेडशीटमध्ये तपासता येई. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागायचे, उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणायचे आणि ते मूळ संख्येतून वजा करायचे. उत्तर शून्य यायला हवे. सदोष पेंटियमवर ते २५६ येई. संगणक न तापता, न अडता, पूर्ण वेगाने चुकीचे उत्तर देत होता. इंटेलने सदोष प्रोसेसर बदलून दिले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवला.

१९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्यांच्या शोधाचा सार्वजनिक उपक्रम सुरू केला. त्यासाठी लिहिलेला प्राइम९५ हा प्रोग्रॅम टिकावाच्या चाचणीचे जगभरचे मानक बनला. प्रचंड संख्यांचे गुणाकार तो दिवसचे दिवस करतो आणि एकही बिट चुकले तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून वोल्टमन यांनी त्यात स्वतःची परीक्षा घेणारा भाग ठेवला. उत्तर आधीच माहीत असलेले गणित करायचे आणि जुळवून पाहायचे. फरक आला की चाचणी तिथेच थांबते आणि पडद्यावर चूक झाल्याचा संदेश येतो. लहान गणिते प्रोसेसरला जास्तीत जास्त तापवतात, मोठी गणिते स्मृतीलाही कामाला लावतात. स्मृतीची स्वतंत्र परीक्षा मेमटेस्ट८६ घेतो. तो वेगवेगळे ठसे स्मृतीत लिहितो आणि वाचून पाहतो. रात्री चाचणी लावायची आणि सकाळी पडदा पाहायचा, ही रीत इथून रुळली. पाचशे बारा तासांच्या तुलनेत बारा-चोवीस तास थोडेच, पण परीक्षेची जात तीच. माहीत असलेला भार द्यायचा, तो सलग ठेवायचा आणि शेवटी झीज किंवा चूक मोजायची.

या परीक्षेने मोठ्या कंपन्यांनाही सोडले नाही. २००० साली इंटेलने १.१३ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम-३ बाजारात आणला आणि काही आठवड्यांत परत घेतला. स्वतंत्र समीक्षकांना तो लिनक्सचा गाभा संकलित करताना अडखळताना दिसला होता. २०१६ च्या आरंभी स्कायलेक पिढीचे प्रोसेसर प्राइम९५ च्या एका विशिष्ट आकाराच्या गणितावर थिजत असल्याचे आढळले आणि बायॉसच्या सुधारणेने तो दोष दूर झाला.

पुण्यातले महासंगणक

हाच विचार मोठ्या प्रमाणावर पुण्यात राबवला गेला. महासंगणकाच्या निर्यातीवर अमेरिकेने घातलेल्या बंधनांच्या पार्श्वभूमीवर १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली परम-८००० तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. अनेक प्रोसेसर एकत्र आले की टिकावाचे गणित बदलते. एक प्रोसेसर वर्षातून एकदा अडत असेल तर घरी ते खपून जाते. असे शंभर एकत्र लावले तर तीन-चार दिवसांनी एक अडणारच, आणि त्याच्यामुळे सगळे गणित थांबू शकते. बेअरिंगवाल्यांचा एल-१० इथे वेगळ्या रूपात भेटतो.

महासंगणकांच्या क्रमवारीसाठी लिनपॅक ही चाचणी वापरतात. हजारो-लाखो समीकरणांचा संच सोडवायचा, लागलेला वेळ मोजायचा आणि उत्तर मूळ समीकरणांत घालून किती चूक उरली ते पाहायचे. चूक मर्यादेबाहेर गेली तर वेगाचा आकडा धरत नाहीत. वेग आणि अचूकता एकाच परीक्षेत बांधलेली असते. नोव्हेंबर २००७ च्या क्रमवारीत टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभारलेला ‘एका’ ११७.९ टेराफ्लॉप्स वेगाने जगात चौथा आणि आशियात पहिला आला. त्यातले झिऑन प्रोसेसर घरच्या कोअर प्रोसेसरांचेच भाऊबंद होते. घरगुती संगणक तापवून पाहायला वापरतात त्या काही चाचण्यांच्या पोटातही लिनपॅकच असते.

तीन आकड्यांचा एक तक्ता

चाकणच्या बाजूला १९९९ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन, पाठोपाठ महिंद्र अँड महिंद्र असे उद्योग आले. तिथून बाहेर पडणाऱ्या वाहनांतच आता प्रोसेसर असतात. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनी इंजिनाचे जवळजवळ सगळे निर्णय इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या हाती दिले. इंजिनाजवळच्या इलेक्ट्रॉनिक भागांची परीक्षा उणे ४० ते अधिक १२५ अंशांच्या पट्ट्यात होते. घरच्या प्रोसेसरची मर्यादा शंभरच्या आसपास असते आणि त्याची परीक्षा संगणकाचा मालकच घेतो.

दरम्यान घरच्या प्रोसेसरमध्ये तिन्ही प्रश्न एकमेकांत मिसळून गेले. २००८ च्या कोअर आय-७ पासून टर्बो बूस्ट आले. टर्बो हे जुनेच नाव, पण आता बटण नाही आणि खोटा दिवाही नाही. ताप आणि वीज यांची मोकळीक असेल तोवर प्रोसेसर आपणहून वेग वाढवतो आणि मर्यादा जवळ आली की उतरवतो. काम नसेल तेव्हा तो ठोका मुद्दाम खाली आणतो. त्यामुळे भार नसताना मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसणारा कमी वेग हा दोष नसतो. उलट पूर्ण भारावर पहिल्या मिनिटाला ४.५ गिगाहर्ट्‌झ आणि विसाव्या मिनिटाला ३.६ दिसत असेल, तर तो वेगाचा प्रश्न नसून बहुधा विजेच्या मर्यादेचा, हीटसिंकचा, धुळीचा किंवा खोलीच्या हवेचा असतो. आजच्या वरच्या प्रोसेसरांना पूर्ण भारावर साधारण २५० वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते, त्यामुळे हा उतार लवकर येतो.

वेगाच्या या ओढीचा भार टिकावावर पडू शकतो, हे २०२४ मध्ये दिसले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये प्रमाणाबाहेर व्होल्टेजची मागणी होत होती. त्यातून सिलिकॉन हळूहळू झिजत होते आणि पूर्वी नीट चालणारा संगणक काही महिन्यांनी अडू लागे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने मायक्रोकोडची सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र सुधारणेने भरून येत नाही, जशी लायनरची झीज तेल बदलून भरून येत नाही.

म्हणून घरच्या परीक्षेची आजची रीत टेस्ट बेडच्या तक्त्याजवळ आली आहे. खोलीचे तापमान लिहितात. भार नसताना दहा मिनिटे नोंद घेतात. मग प्राइम९५ किंवा तत्सम भार लावून वेग, तापमान, व्होल्टेज आणि पंख्याचे फेरे दर काही सेकंदांनी एका फाइलमध्ये नोंदवून घेतात. एचडब्ल्यूइन्फोसारखे प्रोग्रॅम हे आपोआप करतात. तापमान चढून स्थिर होते का, वेग कुठे उतरतो आणि रात्र संपेपर्यंत चूक झाल्याचा एकही संदेश येतो का, एवढे त्या फाइलवरून कळते. रकान्यांची नावे बदलली, पण आकडे अजून शेजारी शेजारीच लिहावे लागतात.